वीरगळ, सतीशिळा, गधेगळ : ठाणे-कल्याण परिसरातील मध्ययुगीन शिळांचा आढावा

ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी आणि एके काळी ठाणे जिल्ह्यातच असलेली साष्टी या पट्ट्यात देवळांच्या आवारात, तळ्यांच्या काठी आणि गावांच्या शिवेवर काळ्या दगडाच्या उभ्या कोरीव शिळा आढळतात. त्यांचे प्रमुख प्रकार तीन. लढताना मेलेल्या माणसासाठी उभारलेला तो वीरगळ. पतीमागे सती गेलेल्या स्त्रीची ती सतीशिळा. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने दिलेले दान मोडू नये म्हणून शापासह रोवलेला तो गधेगळ. पहिल्या दोन प्रकारांचा संबंध मरणाशी आणि तिसऱ्याचा जमिनीशी आहे. तरीही तिन्हींच्या माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य कोरलेले असतात आणि अनेक गावांत ते एकाच पारावर एकमेकांना टेकून उभे केलेले दिसतात. असे एकत्र ठेवल्यामुळे त्यांच्याविषयीचा गोंधळ वाढला आहे.

या शिळांचा मोठा भाग उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातला किंवा त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांतला मानला जातो. हे घराणे प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. नवव्या शतकाच्या आरंभापासून इ. स. १२६५ च्या सुमारापर्यंत त्याने या किनाऱ्यावर राज्य केले. स्थानक किंवा श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे प्रमुख नगर. ठाण्यात १७८७ साली खोदकामात सापडलेला अरिकेसरी राजाचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापला गेला. भारतीय कोरीव लेखांच्या अभ्यासाची ती अगदी सुरुवातीची वर्षे होती. कल्याणजवळ अंबरनाथच्या शिवमंदिरावर मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी राजाच्या काळचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख आहे. कालनिर्णयासाठी असे पक्के टेकू या परिसरात थोडेच आहेत. बाकीच्या बहुतेक शिळांचे वय त्यांच्या घडणीवरून ठरवावे लागते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो किंवा त्याच्या मृत्यूचे कारण दाखवलेले असते: पळवली जाणारी गुरे, चाल करून येणारे घोडेस्वार, क्वचित वाघ. त्यावरच्या कप्प्यात लढाई, तिच्यावर वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला वीर व पूजा करणारा पुरोहित. माथ्याला कलश आणि चंद्र-सूर्य. कप्प्यांची संख्या कमीजास्त होते, क्रम मात्र सहसा बदलत नाही. लढून मेलेला माणूस थेट कैलासाला जातो एवढेच सांगायचे असल्यामुळे कारागिरालाही फारसे स्वातंत्र्य नव्हते. त्याची करामत मधल्या लढाईच्या कप्प्यात दिसते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला काही मिळाले तर ते तिथेच मिळते. शस्त्रे, ढालींचे आकार, केस बांधायची पद्धत, घोड्याचे खोगीर अशा तपशिलांवरून काळाचा अंदाज बांधता येतो.

सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात उभा असतो आणि पंजा उघडा असतो. विधवेच्या हातात बांगड्या नसत. त्यामुळे हा हात ती सौभाग्यासह गेल्याचे सांगतो. काही शिळांवर वीर आणि सतीचा हात एकत्र असतो. तिथे एकाच घरातले दोन मृत्यू एका दगडावर आले आहेत. या शिळांकडे श्रद्धेने पाहिले गेले हे खरे, पण मरणाऱ्या स्त्रीचे नाव त्यांच्यावर बहुधा नसते. ज्या समाजाने तिला देवत्व दिले त्याने तिचे नाव कोरायची तसदी घेतली नाही, हेही नोंदवायला हवे.

या प्रदेशातला सर्वांत गाजलेला वीरगळसमूह बोरिवलीजवळच्या एकसर गावातला. बोरिवलीचा भाग १९५७ साली बृहन्मुंबईत गेला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, म्हणूनच १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या शिळांचे सविस्तर वर्णन आले आहे. तळ्याच्या काठी आमराईत एका रांगेत सहा शिळा होत्या. त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद होत्या, उरलेल्या दोन लहान. कोकणातला सामान्य वीरगळ माणसाच्या कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत येतो. त्या मानाने ही उंची विलक्षण आहे. इतका मोठा दगड काढणे, आणणे, घडवणे आणि उभा करणे साध्या गावकऱ्यांच्या आवाक्यातले नव्हते. त्यामागे राजा किंवा मोठा सामंत असणार.

या शिळांपैकी काहींवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. दोन्ही टोके उंच उचललेली, डोलकाठी असलेली, वल्ह्यांच्या ओळीने चालणारी जहाजे रांगेने पुढे येतात. त्यांवर धनुर्धर उभे आहेत. पुढच्या कप्प्यात अनेक जहाजे एका जहाजाला घेरतात आणि माणसे समुद्रात पडतात. इतर कप्प्यांत जमिनीवरचे युद्ध, घोडेस्वार आणि हत्ती आहेत. मध्ययुगीन भारतीय आरमाराचे दगडात कोरलेले चित्रण फार थोडे उरले आहे, म्हणून नौकाबांधणीच्या अभ्यासातही एकसरचे नाव येते.

ही लढाई कोणती, हा वाद जुना आहे. त्याचे सर्वाधिक स्वीकारले गेलेले उत्तर असे: देवगिरीच्या यादवांचा राजा महादेव आणि उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातले, इ. स. १२६५ च्या सुमाराचे सागरी युद्ध. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडातील राजप्रशस्तीत सोमेश्वर सैन्यासह समुद्रात बुडाल्याचे सांगितले आहे. महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रातला वडवानल त्याला बरा वाटला, असा तिचा आशय आहे. ही सांगड पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी घातली. शिलाहारांचे कोरीव लेख १९७७ साली एकत्र प्रसिद्ध करणारे वा. वि. मिराशी यांनीही ती मानली. बाजू भक्कम वाटते. लिखित साधनात समुद्रयुद्ध आहे, दगडावरही समुद्रयुद्ध आहे, आणि यादवांचे हत्तीदळ प्रसिद्ध होते.

तरीही या मताला पुरावा म्हणण्यापेक्षा जुळणी म्हणणे योग्य. कोणत्याही शिळेवर राजाचे किंवा लढाईचे नाव आज वाचता येत नाही. त्या किनाऱ्यावर अशा लढाया एकदाच झाल्या असेही नाही. माळव्याच्या भोज परमाराने १०२० च्या ताम्रपटांत कोकणविजयाचा उल्लेख केला आहे. अनंतदेव शिलाहाराच्या १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात कोकण उद्ध्वस्त करणाऱ्या शत्रूंचा त्याने केलेला नाश वर्णिला आहे. गोव्याच्या कदंबांचे आरमार या पाण्यात येत होते. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाल चौलुक्याच्या सेनापतीने शिलाहार मल्लिकार्जुनाला ठार केले. गॅझेटियरनेही या शिळा अकराव्या-बाराव्या शतकातल्या असाव्यात असा कौल दिला होता. शिवाय एक साधा प्रश्न उरतो: पराभूत सोमेश्वराच्या वीरांसाठी इतके भव्य दगड उभारायला त्याच्यामागे कोण शिल्लक होते? शिळा विजेत्या यादवांच्या माणसांनी उभारल्या असे मानले तर हा प्रश्न सुटतो, पण मग त्या शिलाहारांचे स्मारक राहत नाहीत. पर्यटनाच्या माहितीफलकांवर या शंकेला जागा मिळत नाही.

कल्याण-भिवंडी-मुरबाडच्या आतल्या भागातले वीरगळ याहून खूप साधे. त्यांत जहाजे नाहीत, हत्तीही सहसा नाहीत. गुरांसाठी, गावासाठी किंवा वाटेवरच्या तांड्यासाठी झालेली झटापट आहे. कल्याण हे प्राचीन बंदर. तिथून नाणेघाटाने जुन्नरकडे आणि पुढे देशावर माल जाई. घाटवाटांवर चोरांचा उपद्रव असे, जकातीची नाकी असत आणि राखणीला माणसे असत. अशा जागी मेलेल्या राखणदाराची आठवण गावाने दगडात ठेवली, असा या साध्या शिळांचा अर्थ लावणे तर्काला धरून आहे. त्या घडवणारे हात कसबी शिल्पकारांचे नव्हते हे पाहताक्षणी कळते. राजदरबारी इतिहासाला न दिसणारी माणसे मात्र याच शिळांवर दिसतात.

गधेगळाची गोष्ट वेगळी. तो दानपत्राचा दगडी उतारा आहे. वरच्या भागात चंद्र, सूर्य आणि मंगलकलश. मधल्या भागात लेख. खालच्या भागात गाढव आणि स्त्री यांचा समागम. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान टिकावे, आणि जो ते मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो, असा त्याचा सरळ अर्थ. जुन्या अभ्यासकांनी संकोचाने यावर थोडेच लिहिले आणि शापाच्या ओळी छापताना कित्येकदा गाळल्या. ही शिवी म्हणजे कोणा एका राजाचा तिरसटपणा नव्हता, ठरून गेलेली कायदेशीर भाषा होती. राजाच्या शिपायाला रोज प्रत्येक शेताच्या बांधावर उभे करता येत नाही. तिथे शापच राखण करतो. भूमी ही माता आणि राजा तिचा पती, या कल्पनेतून हे चित्र आले असेल असेही सुचवले गेले आहे. त्याला पूरक म्हणून गाढवाचा नांगर फिरवण्याची रीत पुढे केली जाते. शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने असेच नांगरून टाकले होते. स्पष्टीकरण आकर्षक आहे. पण शाप पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्यामागचे तत्त्वज्ञान ठाऊक असण्याची गरज नव्हती, त्याला चित्र पुरेसे होते.

मराठी भाषेच्या इतिहासात या शापांना मानाचे स्थान आहे, हा त्यातला विनोद. दानाचा मजकूर अनेकदा संस्कृतात किंवा संस्कृतप्रचुर असतो, पण शाप मराठीत असतो, कारण तो लोकांना कळायला हवा. अलिबागजवळच्या अक्षी येथील लेख शके ९३४ (इ. स. १०१२) चा आहे असे वाचन मान्य केल्यास तो मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी एक ठरतो. त्या शिळेवरही गधेगळाचे चित्र आहे. परळला मिळालेला दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०८ (इ. स. ११८७) चा लेख आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. षट्‌षष्टीतील, म्हणजे साष्टीतील, महावली गावच्या एका बागेच्या उत्पन्नातून २४ द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी लावून दिल्याची ती नोंद. शापाची ओळ अस्सल बोलीतली आहे. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहात असे लेख वाचनासह दिले आणि त्या भाषेला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली. सभ्यतेच्या नावाखाली हे दगड बाजूला ठेवले असते तर मराठीचा आरंभकाळ बराच मुका राहिला असता.

कल्याणच्या सर्वांत जवळचा महत्त्वाचा लेख भिवंडी तालुक्यातल्या लोनाडजवळ, चौधरपाड्याचा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो गॅझेटियरच्या काळात नजरेस आणला. केशिदेव शिलाहाराने शके ११६१ (इ. स. १२४०) च्या माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, शोंपेश्वर महादेवाच्या पूजाऱ्यांना दिलेल्या दानाची ती नोंद आहे. लोनाडला शिवमंदिराचे अवशेष आहेत आणि टेकडीत बौद्ध लेणेही आहे. एकाच गावाच्या परिसरात अनेक शतकांच्या वस्तीच्या खुणा अशा एकत्र दिसतात, आणि त्या चित्रात गधेगळ जमिनीच्या मालकीची बाजू भरून काढतो.

शिलाहार गेले तरी ही पद्धत संपली नाही. यादव रामचंद्राचे १२७२ आणि १२९० चे ताम्रपट ठाण्यातच मिळाले. पुढे दिल्लीच्या सुलतानांची सत्ता किनाऱ्यावर पोहोचली. तरी अलिबागजवळच्या नागाव येथील हंबीरराव राजाच्या शके १२८९ (इ. स. १३६७) च्या लेखात शकाबरोबर हिजरी सनही आहे आणि शापही आहे. वरची सत्ता बदलली, शकासोबत हिजरी सन आला, पण जमिनीच्या दानाला लागणारी शिवी तीच राहिली. कायद्याच्या परंपरा किती चिवट असतात याचा याहून चांगला दाखला या किनाऱ्यावर सापडणे कठीण.

ख्रिस्ती स्मारकांची कहाणी याला समांतर चालते. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने कल्याणला ख्रिस्ती वस्ती आणि पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन भिक्षू मारले गेले. पण त्या काळाची साक्ष देणारा दगडी क्रूस या दोन्ही शहरांत दाखवता येत नाही. साष्टी-वसईत आज दिसणाऱ्या क्रुसांची परंपरा १५३४ च्या वसई तहानंतरच्या पोर्तुगीज अमलातली. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे पोर्तुगीजांनी चर्च केले आणि जुने शिल्प छिलून तिथे मोठा क्रूस कोरला. तो आजही दिसतो. गावांच्या नाक्यांवरचे बरेच क्रूस त्याहून अलीकडचे. १८९६ ला सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत साष्टी आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांनी रोगनिवारणासाठी क्रूस उभारले.

इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारातील मध्ययुगीन दगडी क्रुसांशी तुलना केली तर कोकणी शिळांचे वेगळेपण उठून दिसते. तिथे पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उंच खांब आणि माथ्यावर क्रुसावरचा येशू अशी रचना असे. प्रत्येकाच्या थडग्यावर वेगळा दगड उभारण्याची प्रथा रुळण्यापूर्वी तो एक क्रूस आवारातल्या साऱ्या मृतांसाठी उभा असे. झावळ्यांच्या रविवारी निघणारी मिरवणूक त्याच्यापाशी थांबे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत आणि १६४३ नंतर संसदेच्या हुकमाने यांची शिरे फोडली गेली. म्हणून आज बहुतेक ठिकाणी पायऱ्या आणि खांबाचा बुंधा एवढेच उरले आहे. काही बुंध्यांवर पुढे सूर्यघड्याळे बसवली गेली. ग्लॉस्टरशायरमधल्या ॲम्प्नी क्रूसिस या गावच्या क्रुसाचे कोरीव शिर चर्चच्या भिंतीत चिणलेले एकोणिसाव्या शतकात सापडले. कोणीतरी ते वाचवण्यासाठी लपवले असावे. कोकणातल्या वीरगळांवर एवढा संघटित घाला पडला नाही. वीरगळ सामूहिक स्मारकही नव्हता, एकेका माणसाचा दगड होता. त्याचे कूळ संपले की त्याच्याकडे पाहणारे कोणी राहिले नाही.

म्हणून इथल्या शिळांचे नुकसान विस्मरणाने झाले आहे. मान्सूनच्या पावसात बेसॉल्टचा पृष्ठभाग झिजतो, शेवाळ धरते आणि उथळ कोरीवकाम पुसले जाते. हे नैसर्गिक. बाकीचे माणसाचे. कित्येक वीरगळांना शेंदूर फासून देव केले गेले आणि थरावर थर चढून त्यांचे कप्पे दिसेनासे झाले. तरी शेंदराने निदान दगड जागेवर ठेवला, हेही मान्य करावे लागते. गधेगळाचे भाग्य अधिक विचित्र. कुठे तो ग्रामदेवता म्हणून पुजला जातो, तर कुठे अशुभ किंवा अश्लील म्हणून पालथा पाडला जातो. हर्षदा विरकुड यांनी महाराष्ट्रातील गधेगळांचा केलेला अभ्यास आणि २०१५ नंतर साष्टीत सूरज पंडित व कुरुष दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली गावोगावची पाहणी यांमुळे विस्मरणात गेलेल्या अनेक शिळा नोंदीत आल्या. ठाण्यात आणि खाडीपलीकडच्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यात तेवढ्याच चिकाटीने आणि प्रसिद्ध नकाशासह काम व्हायला हवे.

खरा धोका बांधकामाचा आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या चार दशकांत या पट्ट्यातली भातखाचरे, तळी आणि गावठाणांच्या कडा झपाट्याने इमारतींखाली गेल्या. नेमक्या याच जागी या शिळा होत्या. जेसीबीच्या सोंडेत आलेला दगड चांगल्या मनाचा ठेकेदार जवळच्या देवळात नेऊन ठेवतो. मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की तो तिथूनही हलतो. दगड वाचतो, पण निम्मा पुरावा जातो. गधेगळ ज्या शेताच्या बांधावर होता तो बांध म्हणजे दान दिलेल्या जमिनीची हद्द. ती जागा विसरली गेली की लेखातले गाव, बाग आणि देऊळ नकाशावर कुठे होते हे ठरवण्याचा मार्ग बंद होतो. वीरगळाचेही तेच. तो घाटवाटेवर होता की गावच्या वेशीत, यावरून वीर कशासाठी मेला याचा अंदाज येतो. म्हणून वस्तुसंग्रहालयात नीट ठेवलेल्या पण मूळ जागेची नोंद नसलेल्या शिळेपेक्षा बांधावर झिजत असलेली शिळा अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरू शकते. कोरीव मजकुराला दिलेले महत्त्व जागेला न देणे हा या विषयातल्या जुन्या अभ्यासाचाही मोठा दोष आहे.

कायदा पुरेसा आहे. शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिळा १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसते आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान पुराणवस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून आहे. अंमलबजावणी मात्र दगड ओळखणाऱ्या माणसावर अवलंबून राहते. पायाच्या खोदाईत, तळ्याच्या गाळात किंवा देवळाच्या मागच्या ढिगात चंद्र-सूर्य कोरलेली शिळा दिसली तर तिच्यावर खडू, तेल किंवा रंग लावू नये. हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, तोंड कोणत्या दिशेला होते ते लिहावे, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ही नोंद तहसीलदार कार्यालय व राज्य पुरातत्त्व विभाग या दोन्हींकडे द्यावी.